रॉड वाढला

डोळ्याला पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत. कानाला मात्र देवानं दार ठेवलं नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याच्याही आत शब्द जावा, अशी त्याची योजना. मिस्त्री हे वाक्य पूर्वी जाईल तिथं सांगायचा, आणि सांगताना डोळे मिटायचा. गेलं वर्षभर मात्र ते त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, आणि बोअर मारणाऱ्यांना मान वर करायला सवड नव्हती. मिस्त्रीला त्याची लाज वाटायची. "लोकांच्या तहानेवर आपली चूल," तो म्हणायचा. त्याची बायको म्हणायची, "तहानेवर नाही, पाण्यावर. पाणी लागतं तेव्हा लोकांची तोंडं बघत जा."

सध्या त्यांचं यंत्र गावाबाहेरच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात उभं होतं. जुना ट्रक, त्याच्या पाठीवर लोखंडी मनोरा, शेजारी हवा दाबणारं इंजिन. दवाखान्याच्या टाकीनं तळ दाखवून महिना झाला होता. रोगी येताना बाटलीतून पाणी आणत. डॉक्टरीणबाई हात धुवायला एकच तांब्या घेत आणि त्यातलं उरलेलं बादलीत परत ओतत. यंत्रावरची माणसं तीनच. मिस्त्री लिव्हरपाशी. त्याचा मेहुणा खाली, बोअरच्या तोंडाशी. आणि मिस्त्रीची बायको स्वयंपाकापासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळीकडे. तिघांचा मुक्काम दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटा आणि गंजक्या सलाइनच्या स्टँडांच्या मध्ये.

काम सुरू होण्याआधी रोज सकाळी रॉड वाजवायचे, हा मिस्त्रीचा नेम. देवपूजा चुकेल, हा चुकणार नाही. चौदा रॉड, प्रत्येक वीस फुटांचा, आतून पोकळ, दोन्ही टोकांना आटे. एकाला एक जोडत खाली सोडायचे. टोकाला हॅमर लटकतो, तो खडक फोडतो. पण त्याला लागणारी हवा रॉडच्या पोटातून जाते, त्याचं फिरणं रॉडच्या अंगातून जातं, आणि त्याचा सगळा भार रॉडच्या मानेवर येतो. मान म्हणजे आट्यांजवळचा भाग. तिथं केसाएवढी चीर असली तरी डोळ्याला दिसत नाही, ग्रीसखाली लपते. कानापासून मात्र लपत नाही. हातोडीनं टोला घातला की धड रॉड टाळासारखा खणखणतो, आणि चिरलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो.

मिस्त्री टोला घालायचा आणि त्या सुरात सूर मिळवून देवाच्या नावाची एक ओळ गायचा. पुढच्या रॉडला पुढची ओळ. चौदा रॉड, चौदा ओळी. मेहुणा म्हणायचा, "दाजी, तुमच्या देवाला आधी ग्रीस लागतं, मग फुलं."

मिस्त्रीचा डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता. इंजिन त्याच बाजूला असायचं. उजवा हळूहळू गेला, बादली झिरपावी तसा. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी टोला घातला आणि टाळ वाजलाच नाही. मिस्त्रीनं पुन्हा घातला. हातोडीच्या दांड्यातून मनगटाला झिणझिण आली तेवढीच. 'हाताला कळतंय की,' तो स्वतःशी म्हणाला. त्या दिवसापासून तो हातानं ऐकू लागला. माणसांचं बोलणं ओठांवरून उचलायचा. जमायचं. आणि न जमलं तर इंजिनाचा गोंगाट होताच पांघरूण घालायला.

आता 'वाढला' या शब्दाचं सांगितलं पाहिजे.

मिस्त्रीच्या बायकोच्या तोंडी 'फुटलं', 'मोडलं' हे शब्द कधी यायचे नाहीत. आईची शिकवण. घरातली वस्तू गेली तरी तिला वाईट बोलू नये. कप फुटला तर 'कप वाढला', बांगडी फुटली तर 'बांगडी वाढली'. आई लवकर गेली, धाकट्या भावाला हिनंच वाढवलं, त्यामुळं त्याच्याही तोंडी तेच. आणि इकडं यंत्रावर 'वाढला' म्हणजे नेमकं उलटं. एक रॉड जोडून झाला, खालचे रॉड धरून ठेवणारा चिमटा काढला, हात बाजूला घेतला, की मेहुणा हात वर करून ओरडायचा, "वाढलाऽ!" मग मिस्त्री लिव्हर सोडायचा आणि रॉड खाली जायचे.

मेहुणा कामाला आला त्या पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं बजावलं होतं. "पाव्हणं, यंत्राच्या या फळीवर 'वाढला' म्हणजे जोडला. तुटलं-फुटलं तर सरळ मोडला म्हणायचं. इथं तुमच्या ताईची भाषा चालणार नाही."

"चालणार नाही तर नाही," मेहुणा हसला. "ताईचं काय घेऊन बसलात दाजी. तुमचं लग्न मोडलं असतं तरी ती 'वाढलं' म्हणाली असती."

"आणि पुढं वाढलंच की," बायको चुलीपाशी बसून म्हणाली. "लग्नानंतर आठ दिवसांत हे पाहुणे राहायला आले, ते अजून गेले नाहीत." तेव्हा तिघंही हसले होते. त्याला आठ वर्षं झाली.

दवाखान्याचा बोअर त्या दिवशी दोनशे चाळीस फुटांवर होता. बारा रॉड गेले तरी कोरडी धूळच वर येत होती. आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणं सगळे रॉड वर काढून ठेवले होते. सकाळी मिस्त्रीनं ते वाजवले, चौदाच्या चौदा. प्रत्येकाला म्हणाला, "हं, चांगला." मेहुणा तेव्हा इंजिनाला डिझेल पाजत होता. मग एकेक रॉड पुन्हा खाली जाऊ लागला.

सहा गेले. सातवा तारेवर लटकत आला. मेहुण्यानं त्याच्या आट्यांना बोटांनी ग्रीस फासलं, खालच्या रॉडच्या तोंडात बसवला, मिस्त्रीनं वरून फिरवून घट्ट केला. मेहुण्यानं खालचा चिमटा ओढून काढला. आता सहा रॉड आणि हॅमर यांचा सगळा भार सातव्याच्या मानेवर आला, आणि त्या भारानं ग्रीसवर एक रेघ उमटली. सुरी फिरवावी तशी.

मेहुण्यानं एक हात वर केला. दुसऱ्या हातानं चिमटा परत आत सरकवायला घेतला. आणि घाबरलेला माणूस जी भाषा बोलतो ती आईची असते. तो ओरडला, "दाजी, वाढलाऽ!"

मिस्त्रीनं वर गेलेला हात पाहिला. उघडलेलं तोंड पाहिलं. लिव्हर सोडला.

मान तुटली. सहा रॉड बोअरात गेले. जाताना वरच्या रॉडचा खांदा चिमट्यावर आदळला आणि चिमट्याखाली मेहुण्याचा डावा हात होता. मिस्त्रीला यातलं काहीच ऐकू आलं नाही. पायाखालची फळी हादरली आणि मेहुणा गुडघ्यावर बसला, एवढंच त्याला दिसलं.

दवाखाना वीस पावलांवर होता, ही देवाची कृपा म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात पसरला, तोंडाला मास्क बांधला आणि खाली मान घालून कामाला लागल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून गेली होती. मेहुणा छताकडं बघत होता. त्याच्या कपाळावरचा घाम बहीण पदरानं टिपत होती. मिस्त्रीच्या हातात टॉर्च दिला होता.

बाई खाली मान घालूनच काहीतरी म्हणाल्या. मिस्त्री उभा होता तसाच उभा. मग बायकोनं त्याच्या हातातला टॉर्च घेतला आणि पलीकडून धरला.

सगळं उरकल्यावर बाई त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. मास्क खाली ओढला आणि त्याच्या समोर उभ्या राहून सावकाश म्हणाल्या, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"टॉर्च इकडं धरा, असं मी तीनदा म्हणाले."

मिस्त्रीनं चपलेच्या अंगठ्याकडं पाहिलं. मग मान वर करावीच लागली, नाहीतर त्यांचं पुढचं बोलणं कसं कळणार? "एक वर्ष," तो म्हणाला. "डावा त्याच्याही आधी."

"घरी ठाऊक आहे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मी सांगणार नाही. ते माझं काम नाही," बाई म्हणाल्या. "पण परवा-तेरवा तुम्ही त्याच लिव्हरपाशी उभे राहाल, आणि तो त्याच तोंडाशी. त्याची आठ बोटं उरलीत, मिस्त्री."

दुपारी अडगळीच्या खोलीत मेहुणा खाटेवर उशीला टेकून बसला होता. बांधलेला हात छातीशी धरलेला. बहीण भाताचा घास त्याच्यापुढं करत होती आणि तो तोंड फिरवत होता.

"चूक माझीच," तो म्हणाला. "मोडला म्हणायचं सोडून वाढला म्हणालो. दाजी पहिल्या दिवसापासून सांगत होते."

"तुझी कशी? जीभ माझी," ती म्हणाली. "आईनं मला दिली, मी तुला दिली. एवढंसं पोर होतास, दुधाचा पेला पाडलास आणि भलताच शब्द काढून रडायला लागलास. मी म्हटलं, असं नाही म्हणायचं रे राजा, 'वाढला' म्हण." तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. "जळो माझं तोंड!"

"ताई, नको ना."

मिस्त्री ताट पुढं घेऊन बसला होता. दोघांच्या ओठांवरून त्यानं सगळं उचललं. दोष शब्दावर जाऊन बसला होता आणि तिथं चांगला बसला होता. शब्दाला हात नसतो, बोटं नसतात, पोट नसतं. त्याच्यावर काहीही टाका, तो तक्रार करत नाही. मिस्त्रीनं एक घास घेतला. मग पाणी मागितलं. बायकोनं अर्धा पेला दिला. त्यापेक्षा जास्त पाणी नव्हतंच.

उन्हं कलल्यावर तो अंगणात गेला. तुटलेला सातवा रॉड भिंतीशी पडला होता. मिस्त्री उकिडवा बसला आणि त्याची मान मांडीवर घेतली.

लोखंड खोटं बोलत नाही. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग नव्या नाण्यासारखा चकाकत होता. हा आज तुटलेला. उरलेला अर्धा तपकिरी, गंज चढलेला. म्हणजे चीर जुनी होती. आठ दिवसांची, पंधरा दिवसांचीही असेल. रोज सकाळी या रॉडनं 'मी फुटलोय' म्हणून सांगितलं होतं, आणि रोज सकाळी मिस्त्री त्याला 'हं, चांगला' म्हणाला होता. शब्द आज चुकला. कान कितीतरी दिवसांपासून चुकत होता.

मेहुण्यानं ही कड अजून पाहिली नव्हती. बाजूला ग्रीसचा डबा होता. मिस्त्रीनं अंगठा बुडवला आणि गंजावरून फिरवला. तपकिरी रंग झाकला. आणखी थोडं लावलं. आता दोन्ही भाग सारखे काळे दिसत होते. हातोडीचे चार टोले घातले असते तर कडही चेपली असती.

हातोडी शोधायला तो वळला, तर पाठीशी बायको उभी.

"चार हाका मारल्या," तिचे ओठ म्हणाले. "चहा निवला." मग तिनं त्याचा अंगठा पाहिला, रॉडची मान पाहिली. बोअरवाल्याची बायको ती, पंचवीस वर्षं ग्रीसचे डबे उघडलेली. तुटक्या रॉडला ग्रीस कशाला, हे तिनं विचारलं नाही. 

माणूस देवापुढं खोटं बोलतो, कारण देव समोर उभा राहून बघत नाही. ही बघत होती. मिस्त्रीनं सदऱ्याची बाही ओढली आणि बाहीनंच ती कड पुसली. नीट, आतपर्यंत. गंज पुन्हा वर आला.

"ही चीर जुनी आहे," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा येतोय हेही त्याला कळत नव्हतं. "सकाळी हा बद्द वाजला असणार. मला ऐकू आलं नाही. आणि त्यानं वाढला म्हटलं की मोडला म्हटलं, तेही मला ऐकू आलं नाही. त्यानं रामराम म्हटलं असतं तरी मी लिव्हर सोडला असता. तुझ्या शब्दाचा यात काही दोष नाही. मी बहिरा झालोय."

ती खाली बसली. गंजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणून गाणं बेसूर झालं होय तुमचं. मला वाटलं, वय झालं." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर लिव्हर हातचा गेला असता."

"आणि आता?"

मिस्त्रीनं रॉडची मान मांडीवरून खाली ठेवली.

"त्याला तुम्ही सांगायचं," ती उठत म्हणाली. "मी मधे पडणार नाही. भाऊ आहे तो माझा."

ती आत गेली. चहा त्यानं थंडच प्यायला.

सकाळी मेहुणा बाहेर येऊन ट्रकच्या पायरीवर बसला, तेव्हा मिस्त्रीनं तो तुटका रॉड ओढत त्याच्या पायाशी आणला आणि सांगितलं. जे बायकोला सांगितलं तेच, त्याच शब्दांत. ग्रीसचंही सांगितलं.

मेहुण्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्याची मान लाल झाली. तो एवढा मोठ्यानं ओरडला की दवाखान्याच्या पायरीवरच्या बायकांनी वळून पाहिलं.

"मग वर्षभर मी ओरडत होतो ते कुणासाठी? मनोऱ्यासाठी?"

"मी तुझा हात बघत होतो."

"हात! थांब म्हणायलाही माणूस हातच वर करतो, दाजी!" त्यानं बांधलेला हात त्याच्या नाकासमोर धरला. "ताई कालपासून तोंडात मारून घेतेय. मी पडल्या पडल्या देवाची माफी मागत होतो, एका शब्दासाठी. आणि तुम्ही ताट घेऊन समोर बसला होता!"

"बसलो होतो," मिस्त्री म्हणाला.

"बोला ना मग काहीतरी!"

"काय बोलू? तू म्हणतोस ते खरं आहे. आणखी शिव्या असतील तर समोर येऊन दे, म्हणजे मला कळतील."

मेहुण्याला हसू आलं नाही, पण तोंडात आलेली शिवी तशीच राहिली. त्यानं गुडघ्यावर कोपर टेकलं. पायरीवरचं एक म्हातारं माणूस खोकत होतं. त्याची सून बाटलीच्या टोपणातून त्याला घोट घोट पाणी पाजत होती. मेहुण्यानं ते पाहिलं. मग तो उठला, मिस्त्रीला ओलांडून गेला आणि लिव्हरपाशी उभा राहिला.

"सहा रॉड आणि हॅमर खाली पडलाय," तो मिस्त्रीकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "लिव्हरला एक हात पुरतो. बोअरच्या तोंडाशी तुम्ही जा. बाकीचं बोलणं नंतर. माझं संपलेलं नाही."

"रॉड आधी वाजवायला हवेत," मिस्त्री म्हणाला.

आरडाओरडा ऐकून बायकोही बाहेर आली होती. तिघंही उरलेल्या सात रॉडांकडं बघू लागले. मग मिस्त्रीनं हातोडी उचलली आणि बायकोपुढं धरली.

"मी?"

"बाजारातून आजवर एकतरी मडकं न वाजवता आणलंस का? तसंच हे. थोडं लांबडं मडकं."

तिनं हातोडी दोन्ही हातांनी धरली. पहिला टोला घाबरत घातला, दुसरा नीट. कान रॉडजवळ नेला आणि मिस्त्रीकडं बघून मान हलवली. चांगला. पुढचा. चांगला. सातही चांगले निघाले.

बोअरात पडलेला रॉड काढायला मिस्त्रीकडं एक निमुळता लोखंडी तुकडा होता, आटे पाडलेला. ते त्याला गळ म्हणत. रॉडच्या टोकाला गळ लावायचा, खाली सोडायचा आणि तुटक्या रॉडच्या पोकळीत अलगद फिरवत बसवायचा. चावला तर चावला. जोर जास्त झाला तर खालची मान फाटते, कमी झाला तर अर्ध्यातून सुटते. मधलं काय ते दिसत नाही, शंभरावर फूट खाली अंधार असतो.

पाच रॉड गेले, सहावा बराचसा गेला. मिस्त्रीनं तळहात रॉडवर ठेवला आणि डोळे मिटले. हॅमर बंद होता, फक्त मंद फिरणं. हाताला आधी काहीच नाही. मग किरकिर, लोखंडावर लोखंड घसरल्याची. "वर," तो म्हणाला. मेहुण्यानं तसूभर वर घेतलं. "सोड. हळू." पुन्हा किरकिर. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. ऊन डोक्यावर आलं. तळहात भाजत होता, पण तो त्यानं काढला नाही. हात दर वेळी बरोबर असतो असं नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक वेळी तो डोळे उघडून मेहुण्याला विचारायचा, "तुला काय ऐकू येतं?"

"घासतंय."

"अजून?"

"घासतंयच." आणि मग, "दाजी, थांबा. बदललं. जाड झालं."

मिस्त्रीच्या हातालाही तेव्हाच कळलं. किरकिर थांबून एक घट्ट, संथ ओढ आली, लहान मुलानं बोट धरावं तशी. "चावला," तो म्हणाला. "आता हळू. देवाचं नाव घे आणि हळू."

संध्याकाळ व्हायच्या आत सहाही रॉड वर आले. मिस्त्री एकेक मोजत खाली आडवा ठेवत होता. शेवटी हॅमर आला, तर त्याच्या तोंडाला चिकणमाती. परवा कोरडी धूळ होती. मेहुण्यानं लिव्हर सोडून येऊन ती चिमटीत घेतली, चुरली. ओली होती. डॉक्टरीणबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तिथूनच हातानं विचारलं, काय? मेहुण्यानं चिमूट वर करून दाखवली, पण बोलला काही नाही. पाणी हाताला लागेपर्यंत बोअरवाला 'पाणी' म्हणत नाही.

"उद्या पुन्हा सोडू," तो म्हणाला.

"वाजवल्याशिवाय नाही," मिस्त्री म्हणाला.

बायकोनं हातोडी घेतली आणि वर आलेल्या सहा रॉडांकडं वळली. पहिला. मान हलली, चांगला. दुसरा, तिसरा. मिस्त्री पायरीवर बसून तिच्या तोंडाकडं बघत होता. टोल्याबरोबर म्हणायची देवाच्या नावाची ओळ त्याच्या ओठांवर आली, पण त्यानं ती गायली नाही, मनातच धरली.

चौथ्या रॉडवर तिनं टोला घातला आणि ती थांबली. पुन्हा घातला. मग मानेकडं सरकून तिथं घातला, कान लावला. तिनं मिस्त्रीकडं पाहिलं. हाही त्यानंच पास केलेला, कालचाच.

"काय झालंय गं?" मेहुण्यानं विचारलं.

तिचे ओठ उघडले. दात खालच्या ओठाला लागले, 'वा' म्हणायला लागतात तसे, आणि तिथंच थबकले. पन्नास वर्षांची जीभ. तिनं भावाच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं. मग ती वळून थेट नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली, त्याला नीट दिसेल अशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द म्हणाली.

"फुटलाय."

मिस्त्रीला तो लख्ख ऐकू आला.